एकशे चौदा गाड्या आणि हवेचं गणित

जालना आणि बदनापूर तालुक्यांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. या वेगाला इंजिनाकडून चाकांपर्यंत पोहोचलेल्या शक्तीचा मोठा वाटा समोरची हवा बाजूला सारण्यात जातो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. ८० वरून १२० वर गेलं की वेग दीडपट होतो, पण हवेसाठी लागणारी शक्ती जवळजवळ ३.४ पट होते. सत्तर वर्षांपूर्वी इटलीतल्या एका मोटारीने या गणिताशी फार चांगला सामना केला. अशा जेमतेम ११४ गाड्या तयार झाल्या. त्यांचं नाव फियाट ८व्ही, इटालियनमध्ये ‘ओत्तो वू’.

ही गाडी ज्यांच्या देखरेखीखाली घडली ते दान्ते जाकोसा (१९०५–१९९६) आपल्याला नावाने नसले, तरी कामाने ओळखीचे आहेत. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० बाहेर पडू लागली. मुंबईकरांनी तिच्या गोलमटोल रूपाला ‘डुक्कर फियाट’ असं नाव दिलं. तिच्या पुढच्या पिढीतली गाडी म्हणजे काळी-पिवळी टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवर ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावलेली प्रीमिअर पद्मिनी. डुक्कर फियाट आणि ८व्ही या दोन्ही जाकोसांच्याच हाताखालच्या. म्हणून या दोघींना शेजारी ठेवलं की अभियांत्रिकीचा एक सुंदर धडा समोर येतो.

८व्हीचं इंजिन मुळात शर्यतीसाठी नव्हतं. फियाटला एक मोठी, आलिशान सेडान काढायची होती. त्यासाठी आठ सिलिंडरचं, ‘व्ही’ आकाराचं इंजिन आखलं गेलं. पुढे सेडानचा बेत बारगळला, इंजिन मात्र उरलं, आणि जाकोसांनी त्याच्याभोवती स्पोर्ट्स कार उभी केली. १९५२ च्या जिनिव्हा प्रदर्शनात ती लोकांसमोर आली.

इंजिन १,९९६ सीसीचं. सिलिंडरच्या दोन ओळींमधला कोन नेहमीच्या ९० अंशांऐवजी ७० अंश होता, त्यामुळे ते अरुंद जागेत मावे. त्याचं खरं वैशिष्ट्य सिलिंडरच्या मापांत आहे. सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर आणि पिस्टनची एका दिशेची चाल केवळ ६१.३. फियाट ११०० मध्ये व्यास ६८, तर चाल ७५. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर ७५ मिलिमीटर चालीच्या पिस्टनला सरासरी सेकंदाला १५ मीटर धावावं लागतं. ६१.३ मिलिमीटर चाल असेल तर हेच काम सव्वाबारा मीटरमध्ये होतं. पिस्टनचा वेग वाढला की घर्षण वाढतं, कनेक्टिंग रॉडवर ताण येतो आणि इंजिन लवकर झिजतं. चाल आखूड ठेवली की तितक्याच झिजेत जास्त फेरे मिळतात, आणि जास्त फेरे म्हणजे जास्त शक्ती. म्हणूनच १९५३ ची ११०० दर लिटरमागे ३३ अश्वशक्ती देत होती, तर ८व्ही पहिल्याच आवृत्तीत ५२ हून अधिक. नंतरच्या आवृत्त्यांत १०५ ची ११५ आणि मग १२७ अश्वशक्ती झाली. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन देणारी ती फियाटची पहिलीच गाडी. एक चाक खड्ड्यात गेलं तरी पलीकडच्या चाकाची रस्त्यावरची पकड त्यामुळे ढळत नसे.

आता पुन्हा हवेकडे वळू. १९५३ ची ११०० ही ३६ अश्वशक्तीवर ताशी ११६ किलोमीटर गाठत असे. तोच आकार ठेवून १९० गाठायचे असते, तर घनाच्या हिशेबाने सुमारे १५८ अश्वशक्ती लागली असती. टायरचं घर्षण इतक्या झपाट्याने वाढत नाही, त्याची सूट दिली तरी आकडा १३० च्या वरच राहतो. ८व्हीने १९० किलोमीटर १०५ अश्वशक्तीत साधले. मधला फरक तिच्या बुटक्या, निमुळत्या अंगाने भरून काढला. फियाटमधले फाबिओ लुइजी रापी यांनी हा आकार आखला आणि तुरिनच्या पॉलिटेक्निकमधल्या वातबोगद्यात तो तपासून पाहिला गेला.

शर्यतींत या आखणीची परीक्षा झाली. मिलानच्या झागातो कारखान्याने ८व्हीला ॲल्युमिनियमची हलकी अंगं चढवली. पोलादाचे गज आणि सळया रोज हाताळणाऱ्या जालन्याच्या वाचकाला यातला पेच लगेच कळेल. ॲल्युमिनियमचं वजन पोलादाच्या सुमारे तिसरा हिस्सा, पण ताठपणाही तेवढाच कमी. नुसता धातू बदलून भागत नाही, पत्र्याला अचूक वळण देऊनच ताठपणा मिळवावा लागतो. विमानांच्या कामात हात बसलेल्या उगो झागातोंना ही विद्या अवगत होती. काही गाड्यांच्या छताला त्यांनी चालक आणि सोबत्याच्या डोक्यांवर दोन फुगवटे दिले. मधला भाग खाली राहिला, हवेला सामोरं जाणारं क्षेत्रफळ घटलं आणि डोक्याला जागाही मिळाली. उगो यांचा मुलगा एलिओ याने १९५५ मध्ये बर्लिनच्या आव्हुस मार्गावर ८व्ही स्वतः चालवून विजय मिळवला. लांबलचक सरळ रस्ते आणि ४३ अंशांत कललेलं विटांचं वळण असलेल्या त्या मार्गावर हवेशी झालेली तडजोड लगेच उघडी पडे. इटलीच्या दोन लिटर गटातल्या ग्रँड टूरिंग स्पर्धांमध्ये ८व्हीचा दबदबा १९५९ पर्यंत टिकला. कारखान्यातलं उत्पादन मात्र १९५४ मध्येच थांबलं होतं.

त्याच वर्षी ८व्हीच्या सांगाड्यावर आणखी धाडसी प्रयोग झाला. फियाटने त्यात सुमारे ३०० अश्वशक्तीचं गॅस टर्बाइन बसवलं आणि एप्रिलमध्ये ही ‘तुर्बिना’ लिंगोत्तो कारखान्याच्या छतावरच्या चाचणी मार्गावर धावली. तिचा रोधगुणांक, म्हणजे आकार हवेला किती अडवतो याचं माप, वातबोगद्यात ०.१४ इतका मोजला गेला. आजच्या चांगल्या मोटारींचा हा आकडा ०.२२ ते ०.३० च्या आसपास असतो. टर्बाइनची भूक आणि उष्णता यांमुळे ती वाट पुढे गेली नाही. आकार नीट घडवला तर हवा किती नमतं घेते, हे मात्र तिने दाखवून दिलं.

११४ गाड्यांनी कंपनीला श्रीमंत केलं नाही. तरीही माझ्या मते हे काम मोलाचं, कारण शक्ती नेमकी कुठे खर्च होते हा प्रश्न त्या घडवणाऱ्यांनी मोजमापाने सोडवला. नुसतं मोठं इंजिन बसवण्याचा सोपा मार्ग त्यांनी घेतला नाही. हा विचार आपल्या रोजच्या प्रवासात आजही लागू पडतो. टपावर रिकामा कॅरिअर वाहत नेणं, टायरमध्ये हवा कमी ठेवणं, १२० च्या जागी १०० ने जाणं, यांचा हिशेब याच सूत्रांतून निघतो.

जालन्यातल्या अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनच्या विद्यार्थ्यांना यासाठी वातबोगद्याची वाट पाहायची गरज नाही. वाहन उद्योगात ‘कोस्टडाउन’ नावाची चाचणी रूढ आहे. वाहतूक नसलेल्या, बंदिस्त आणि सपाट मार्गावर गाडी ठरावीक वेगाला न्यायची, न्यूट्रलमध्ये टाकायची आणि वेग कसा उतरतो ते सेकंदागणिक नोंदवायचं. जास्त वेगात होणारी घट मुख्यतः हवेची, कमी वेगात होणारी मुख्यतः टायरची. वजन ठाऊक असेल, तर एका आलेखातून दोन्ही रोध वेगळे काढता येतात. शिक्षकांनी सुरक्षिततेची नीट व्यवस्था करून हा प्रयोग अभ्यासक्रमात घ्यावा. आपल्या गाडीचं इंधन कुठे जातं, हे मग प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतः काढलेल्या आकड्यांतून सांगता येईल.