वीस कॉम्प्युटर, एक मास्टर इमेज: लॅब सेटअपचं काम घेण्याआधी हे समजून घ्या



मागच्या व्हिडिओत आपण कॉम्प्युटर लॅब सेटअप करून देण्याच्या धंद्याबद्दल बोललो. तालुक्याच्या गावातसुद्धा टायपिंग संस्था, टॅलीचे क्लासेस, शाळा, पतसंस्था, सीएंची ऑफिसं आहेत. त्यांना एकदम दहा, वीस, तीस कॉम्प्युटर लावून हवे असतात. त्या व्हिडिओत इमेजचा भाग माझ्याकडून घाईत उरकला गेला. आज तोच नीट सांगतो. कारण या धंद्यात नफा तिथेच आहे आणि बुडायची जागाही तिथेच आहे.

इमेज म्हणजे इथे फोटो नाही बरं का. एका कॉम्प्युटरच्या डिस्कवर जे जे आहे, म्हणजे विंडोज, सॉफ्टवेअर, प्रिंटरची सेटिंग, मराठी कीबोर्ड, सगळं जसंच्या तसं एका ठिकाणी साठवून घ्यायचं आणि तेच बाकीच्या मशीनवर उतरवायचं. पहिल्या मशीनला आपण मास्टर म्हणतो.

आधी हिशोब बघू. एक मशीन हाताने तयार करायला, म्हणजे विंडोज टाकणं, अपडेट, ऑफिस, टॅली, फॉन्ट, ब्राउझर हे सगळं धरून, साधारण अडीच तास जातात. वीस मशीनचे झाले पन्नास तास. इमेजच्या पद्धतीत मास्टर बनवून तपासायला दहा तास धरा. मग प्रत्येक मशीनमागे तुमचे फार तर वीस मिनिटं. म्हणजे वीस मशीनला एकूण सतरा तास. पण ऑर्डर फक्त चार मशीनची असेल तर? हाताने दहा तास, इमेजने अकरा. म्हणून चार-पाच मशीनपर्यंत इमेजच्या नादी लागू नका. त्यापुढे मात्र दर मशीनमागे फायदा वाढत जातो.

हा हिशोब बघून मीही पूर्वी खूश झालो होतो. आता माझी चूक ऐका.

एका अकाउंटिंग क्लासची बावीस मशीन मी अशीच लावली. एक मशीन झकास तयार केलं, क्लोनझिलाने त्याची कॉपी काढली आणि एकवीस मशीनवर उतरवली. एका दिवसात काम संपलं, सरांनी चहा पाजला, पैसे रोख दिले. काही महिने सगळं सुरळीत चाललं. मग २०२५ च्या दिवाळीच्या आसपास फोन आला: "मुलांच्या मशीनवरून माझ्या मशीनचं शेअर फोल्डर उघडतच नाही. पासवर्ड बरोबर आहे, तरी पुन्हा पुन्हा पासवर्डच मागतंय." केबल बदलली, स्विच बदलला, फायरवॉल बंद करून पाहिली. दोन दिवस गेले. शेवटी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ६१६७ नंबरची नोंद दिसली आणि डोक्यात प्रकाश पडला.

झालं काय होतं? विंडोज इन्स्टॉल होताना प्रत्येक मशीनला आतून एक ओळख नंबर मिळतो, त्याला एसआयडी म्हणतात. मी तयार विंडोज जसंच्या तसं कॉपी केलं, त्यामुळे बावीस मशीनचा एसआयडी एकच. एका आधार नंबरवर बावीस माणसं! पूर्वी हे खपून जायचं. मायक्रोसॉफ्टच्याच मार्क रुसिनोविच यांनी २००९ मध्ये लिहिलं होतं की एसआयडी सारखा असल्याची भीती बहुतेक बाबतीत उगाच आहे. त्यामुळे जुने टेक्निशियन "काही होत नाही रे" म्हणायचे, आणि तेव्हा ते चूकही नव्हते. पण मायक्रोसॉफ्टचा अधिकृत नियम मात्र सुरुवातीपासून एकच होता: कॉपी करण्याआधी सिसप्रेप चालवा. आणि २९ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अपडेटमध्ये विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ आवृत्त्यांत ही तपासणी कडक झाली. एकच एसआयडी असलेली दोन मशीन एकमेकांत लॉगिन करायला गेली की नकार. शेअर फोल्डर बंद, रिमोट डेस्कटॉप बंद.

यावर खरा उपाय एकच होता: योग्य इमेज बनवून सगळी मशीन पुन्हा लावणं. दोन रात्री बसून फुकट करून दिलं. सरांचा काय दोष? पहिल्या वेळी कमावलं ते सगळं गेलं, वर पेट्रोल माझं.

म्हणून सिसप्रेप हा शब्द पाठ करा. हे विंडोजमध्येच असतं, वेगळं विकत घ्यायचं नाही. त्यात "जनरलाइज" नावाचा पर्याय असतो. तो निवडला की विंडोज त्या मशीनची खास ओळख पुसून टाकतं, आणि इमेज ज्या मशीनवर उतरेल तिथे पहिल्यांदा चालू होताना नवीन ओळख तयार होते.

आता कामाचा क्रम. मास्टर शक्यतो खऱ्या मशीनवर न बनवता व्हर्च्युअलबॉक्ससारख्या व्हर्च्युअल मशीनमध्ये बनवा. फायदा असा की हवं तेव्हा स्नॅपशॉट घेता येतो आणि चुकलं तर मागे जाता येतं. मशीनच्या सेटिंगमध्ये ईएफआय चालू ठेवा, नाहीतर इमेज नव्या कॉम्प्युटरवर बूट होणार नाही. डिस्क लहानच ठेवा, ८० जीबी पुरे, कारण क्लोनझिलाला उतरवायची डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा मोठी लागते. मोठ्या डिस्कची इमेज लहान डिस्कवर जात नाही. (मोठ्या डिस्कवर उतरवताना पार्टिशन त्या प्रमाणात वाढवायचा पर्याय एक्सपर्ट मोडमध्ये आहे, तो निवडा. नाहीतर ५१२ जीबीच्या डिस्कवर सी ड्राइव्ह ८० चाच दिसेल आणि गिऱ्हाईक म्हणेल, जागा कुठे गेली?)

विंडोज इन्स्टॉल झालं की देश विचारणारी पहिली स्क्रीन येते. तिथे काही न भरता कंट्रोल, शिफ्ट आणि एफ ३ एकत्र दाबा. मशीन ऑडिट मोडमध्ये जातं. इथे युजर न बनवता सॉफ्टवेअर टाकता येतात. हीच मास्टरची खरी कार्यशाळा.

इथे काय टाकायचं हे गिऱ्हाइकाला विचारून लिहून घ्या. टायपिंग संस्थेला मराठी रेमिंग्टन लेआउट लागेल की इनस्क्रिप्ट? जुन्या फॉन्टच्या फाइल उघडायच्या आहेत का? पीडीएफ कशात उघडणार? हे प्रश्न आधी विचारले नाहीत तर इमेज उतरल्यावर वीस मशीनवर वीस वेळा तेच काम हाताने करत बसाल.

आणि काय टाकायचं नाही, ते त्याहून महत्त्वाचं. टॅलीचं सॉफ्टवेअर टाका, पण लायसन्स मास्टरमध्ये अ‍ॅक्टिव्हेट करू नका. एनीडेस्क टाकून चालू करू नका. त्याचा नंबर इमेजबरोबर सगळीकडे जातो, आणि मग तुम्ही सात नंबरच्या मशीनला जोडायला जाल आणि उघडेल तेरा नंबरचं. अँटिव्हायरस नंतर टाका. ब्राउझरमध्ये स्वतःचं जीमेल कधीच उघडू नका. तुमचं लॉगिन वीस मशीनवर कॉपी झालेलं कुणालाच नकोय. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून काही घेऊ नका. एका युजरपुरतं बसलेलं स्टोअरचं अ‍ॅप हे सिसप्रेप अडकण्याचं नेहमीचं कारण आहे. दुसरं कारण बिटलॉकर. विंडोज ११ मध्ये डिस्कचं एन्क्रिप्शन कधीकधी आपोआप चालू होतं, ते आधी सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. तरीही अडकलं तर सिसप्रेपच्या फोल्डरमध्ये पँथर नावाचं फोल्डर असतं. त्यातली लॉग फाइल उघडून वाचा, कुठल्या अ‍ॅपने घोटाळा केला त्याचं नाव तिथे लिहिलेलं असतं.

सगळं झालं की स्नॅपशॉट घ्या. मग सिसप्रेप, जनरलाइज, शटडाउन. यानंतर त्या मशीनमध्ये विंडोज चालू करायचं नाही! एकदा जरी चालू केलंत तरी नवीन ओळख तयार होऊन मेहनत वाया जाते. थेट क्लोनझिलाने बूट करायचं आणि इमेज घ्यायची.

मग उतरवणं. पाच-सात मशीन असतील तर यूएसबीची एसएसडी पुरते. वीस-तीस असतील तर नेटवर्कवरून मल्टिकास्ट करा. म्हणजे इमेज एकदाच पाठवायची आणि सगळी मशीन ती एकाच वेळी घेतात, रेडिओसारखं. क्लोनझिलात ही सोय आहे, आणि वरचेवर काम येत असेल तर फॉग प्रोजेक्ट नावाचा सर्व्हर बसवा. दोन्ही मोफत आहेत. फक्त स्विच बघून घ्या. ३० जीबीची इमेज गिगाबिट स्विचवरून जायला पाच मिनिटं पुरतात, डिस्कवर लिहिण्याचा वेळ धरून दहा-पंधरा म्हणा. तोच स्विच जुना १०० एमबीपीएसचा असेल तर नुसत्या पाठवणीलाच चाळीस मिनिटांच्या वर जातात. आणि मल्टिकास्टमध्ये सगळ्यांचा वेग सगळ्यात हळू मशीनइतका होतो, म्हणून खराब डिस्कचं एखादं मशीन असेल तर ते बाजूला काढा. मी स्वतःचा आठ पोर्टचा गिगाबिट स्विच आणि केबल बॅगेतच ठेवतो.

सगळ्यांवर एकदम उतरवण्याआधी एकाच मशीनवर उतरवून बघा. काही नव्या इंटेल मशीनमध्ये बायॉसला व्हीएमडी चालू असतं, आणि त्याचा ड्रायव्हर इमेजमध्ये नसेल तर विंडोज उठतच नाही. हे एका मशीनवर कळलेलं बरं.

आणखी एक, हात जोडून सांगतो. इमेज उतरवणं म्हणजे त्या डिस्कवरचं सगळं पुसणं. जुनी मशीन असतील तर "डेटाचा बॅकअप घेतला आहे, डिस्क पुसायला हरकत नाही" असं गिऱ्हाइकाच्या सहीने घ्या. तोंडी "काही नाही त्यात" यावर जाऊ नका. त्यातच कुणाचे तरी तीन वर्षांचे हिशोब असतात.

लायसन्सचं काय? ब्रँडेड मशीनबरोबर आलेल्या विंडोजची की बहुधा मदरबोर्डमध्येच असते, त्यामुळे तीच एडिशन उतरवली की ती आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. म्हणून लोकांना वाटतं सगळं नियमात आहे. तसं नाही. मशीनबरोबर आलेल्या लायसन्सवर स्वतः बनवलेली इमेज उतरवायचा हक्क मिळत नाही. त्यासाठी त्याच एडिशनचं निदान एक व्हॉल्यूम लायसन्स त्या संस्थेच्या नावावर लागतं. एक असलं की तिची बाकीची लायसन्सवाली मशीनही त्यात येतात. मशीन विंडोज प्रो असतील आणि ही खरेदी नको असेल, तर मायक्रोसॉफ्टचं विंडोज कॉन्फिगरेशन डिझायनर वापरा. त्यात कंपनीतून आलेलं विंडोज तसंच ठेवून सेटिंग, युजर आणि सॉफ्टवेअर एका पॅकेजमधून पेनड्राइव्हने देता येतात. नवीन मशीनच्या छोट्या ऑर्डरला मला तर हाच मार्ग सोपा वाटतो. आणि ते "अ‍ॅक्टिव्हेटर" वगैरे मास्टरमध्ये टाकणारे भेटतात. त्यांच्या एका फाइलबरोबर व्हायरस आला तर तो वीस ठिकाणी तुमच्या हाताने गेलेला असतो.

जुन्या मशीनची एक वेगळी संधी आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि चौथ्या-पाचव्या पिढीचे आय३, आय५ विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत. अशा शाळांना लिनक्सची इमेज द्या. केरळमध्ये काईट ही सरकारी संस्था उबुंटूवर आधारित स्वतःची सिस्टीम बनवून शाळांना देते, म्हणजे हे काम मोठ्या प्रमाणावरही चालतं. लिनक्सच्या मास्टरमध्येसुद्धा मशीन-आयडी आणि एसएसएचच्या किल्ल्या पुसून मगच इमेज घ्या, रोग तोच आहे. मात्र टॅली शिकवणाऱ्या क्लासला लिनक्स सुचवू नका, टॅली विंडोजवरचं आहे.

शेवटी कोटेशन. इथेच बहुतेक जण मार खातात. "प्रति मशीन पाचशे" असा दर सांगितला आणि तुम्ही दुपारपर्यंत काम संपवलंत की गिऱ्हाईक म्हणणार, "एवढ्या वेळाचे दहा हजार?" तुमचे मास्टरवरचे दहा तास त्याने पाहिलेलेच नसतात. म्हणून ते कागदावर दाखवा. आकडे समजण्यापुरते घेऊ: मास्टर इमेज तयार करणं आणि तपासणं ६००० रुपये, एकदाच. उतरवणं, नाव देणं, अ‍ॅक्टिव्हेशन तपासणं प्रति मशीन २५० रुपये, वीस मशीनचे ५०००. एकूण ११०००. आणि तिसरी ओळ: दर सहा महिन्यांनी इमेज अपडेट करून लॅब पुन्हा नवीन करणं, त्याचा वेगळा दर. नवीन बॅच सुरू होण्याआधी क्लासवाल्यांना हे हवंच असतं, कारण तोवर मुलांनी डेस्कटॉपची पार वाट लावलेली असते. सिसप्रेपच्या आधीचा तो स्नॅपशॉट तुमच्याकडे असेल तर हे काम मास्टरवर दोन तासांचं आणि लॅबमध्ये अर्ध्या दिवसाचं आहे.

त्यासाठी एक साधी वही ठेवा: कुठल्या संस्थेची इमेज, कुठल्या तारखेची, विंडोजची कुठली आवृत्ती, काय काय टाकलं, कुठल्या डिस्कवर ठेवली. त्या अकाउंटिंग क्लासच्या पानावर मी लाल पेनाने "सिसप्रेप केलं" असं लिहून खाली तारीख टाकली आहे. सरांनी पुढच्या बॅचचं कामही मलाच दिलं, या वेळी तिसऱ्या ओळीसकट.