मुलगा गेल्यावर कळलेली गोष्ट

तरुण मुलगा अचानक गेला की आईबापांची झोप उडते, अन्न गोड लागत नाही, छातीत धडधडते. बहुतेकांना काही महिन्यांनी थोडा उतार पडतो. पण काही घरांत हे दुःख आतल्या आत दबून राहते. मुलगा समलिंगी होता, म्हणजे त्याच्या मनाची ओढ स्त्रीकडे नव्हे तर पुरुषाकडे होती, हे त्या घरांना तो गेल्यावर कळलेले असते.

आमच्या मोखाडा तालुक्यात, पोशेऱ्यासारख्या गावांतून, दिवाळी झाली की माणसे वसई, भिवंडी, नाशिककडे कामाला जातात. पोरगा शहरात कसा राहतो, कोणाबरोबर राहतो, हे घरी ठाऊक नसते. अपघाताचा फोन येतो. दिवसकार्याला एक अनोळखी मित्र येतो, आणि सख्ख्या भावापेक्षा जास्त रडतो. त्या रडण्यातून घरच्यांना उमगते. अशाच एका वडिलांनी मला विचारले, "डॉक्टर, आमच्या वळणात काही चुकलं का हो?"

नाही. वळणाने, संगतीने किंवा कोणाच्या नजरेने माणूस समलिंगी होत नाही. हा आजारही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता रोगांच्या यादीतून काढली. त्यावर गोळी नाही, भगताचा उतारा नाही, आणि लग्न लावून देणे हाही उपाय नव्हे. त्यात एका मुलीचे आयुष्य मात्र नासते. 'बरे करतो' म्हणणाऱ्या डॉक्टरांचे हे वर्तन राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली व्यावसायिक गैरवर्तन ठरविले आहे.

मग वडिलांचे दुखणे कोणते? केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये त्याला नाव दिले. मराठीत म्हणायचे तर 'समाजाने नाकारलेला शोक'. लोक काय म्हणतील या धास्तीने बाप मुलाचे नावच काढत नाही. आई चुलीपुढे एकटी रडते. त्या मित्राला तर रडण्याचाही हक्क नाही, कारण तो कोण, हेच सांगायची सोय नाही.

आपल्या भाषेतल्या माणसाच्या बाबतीतही हे घडले. अलीगढ मुस्लिम विद्यापीठातील मराठीचे प्राध्यापक रामचंद्र सिरस यांना २०१० साली याच कारणावरून निलंबित केले गेले. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली, आणि ७ एप्रिलला ते घरात मृतावस्थेत आढळले. प्रौढांच्या राजीखुशीच्या समलिंगी संबंधांना सर्वोच्च न्यायालयाने गुन्ह्यातून वगळले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी.

परदेशातही सारे आलबेल नव्हते. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या एका बारला १९७३ मध्ये आग लागून ३२ जण गेले. काहींचे देह न्यायला घरचे आलेच नाहीत. २०१६ साली ऑर्लँडोत गोळीबारात ४९ जण मारले गेले. त्यांतल्या काहींच्या घरी मुलाची ओळख त्या बातमीनेच कळली, तरी यावेळी कितीतरी आईबाप लोकांसमोर उभे राहून मुलासाठी रडले.

आमच्या त्या वडिलांना मी एवढेच सांगितले की त्या मित्राला बोलावून घ्या. शहरातला तुमचा मुलगा त्याला माहीत आहे. वर्षश्राद्धाला तो आला. मोबाइलमधले फोटो दाखवीत रात्रभर बोलत बसला. पोरगा तिकडे स्वतः भाकरी थापायचा, हे आईला तेव्हा कळले! आता त्या घरात मुलाचे नाव निघते. वडिलांची झोपेची गोळी मी हळूहळू कमी करीत आणली आहे.

अशा पालकांना पालकांशीच बोलणे सोपे जाते. 'स्वीकार' हा समलिंगी व तत्सम मुलांच्या पालकांचा गट २०१७ साली मुंबईत सुरू झाला. ज्यांची मुले हयात आहेत त्यांनी तर वाट पाहू नये.

सहा महिने उलटूनही रोजची कामे होत नसतील, दारू वाढली असेल, तर दवाखान्यात यावे. मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये. शासनाच्या 'टेलीमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस मोफत चालतो. तेथे मराठीत बोलता येते.