नाव झाकल्यावर उरते ती चव

स्कॉच व्हिस्कीच्या बाटलीवरील लेबल वाचणाऱ्याला बरेच काही आधीच सांगून टाकते: डिस्टिलरी कोणती, ती हायलँडमधली की आयला बेटावरची, व्हिस्की किती वर्षांची आहे, आणि त्यावरून ती किती महाग असावी हेही. ही माहिती खोटी नसते. परंतु ती चवीच्या आधी मनात शिरते आणि पहिला घोट जिभेवर येण्यापूर्वीच त्याच्याविषयीचे मत तयार करून ठेवते. म्हणूनच व्हिस्कीची गांभीर्याने पारख करणारे लोक ‘ब्लाइंड टेस्टिंग’चा, म्हणजे नाव-गाव झाकून चव पाहण्याचा, आधार घेतात, आणि या पद्धतीची खरी गरज भासते ती ‘सिंगल कास्क’ व्हिस्कीच्या बाबतीत, कारण तेथे डिस्टिलरीचे नावही बाटलीतल्या चवीची हमी देऊ शकत नाही.

‘सिंगल माल्ट’ आणि ‘सिंगल कास्क’ हे दोन शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात, पण त्यांत मोठा फरक आहे. केवळ मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून, एकाच डिस्टिलरीत, तांब्याच्या भट्टीत ऊर्ध्वपातन करून तयार झालेली व्हिस्की ती सिंगल माल्ट. मात्र तिची बाटली भरताना त्या डिस्टिलरीतील अनेक पिंपांतली व्हिस्की एकत्र केली जाते, जेणेकरून दरवर्षी ग्राहकाला तीच ओळखीची चव मिळावी. सिंगल कास्कमध्ये हे मिश्रण नसते: ओकच्या लाकडाचे एकच पिंप उघडून त्यातील व्हिस्की बाटल्यांत भरली जाते. स्कॉच व्हिस्कीचा २००९ चा कायदा तिचे पाच प्रकार मानतो आणि सिंगल कास्क हा त्यांतला स्वतंत्र प्रकार नाही. म्हणून अशा बाटलीवर सहसा पिंपाचा क्रमांक, ऊर्ध्वपातनाची व बाटलीबंद केल्याची तारीख आणि एकूण बाटल्यांची संख्या छापलेली असते.

एकाच दिवशी, एकाच भट्टीतून निघालेला मद्यार्क दोन पिंपांत भरला, तरी बारा वर्षांनी त्यांतून दोन वेगळ्या व्हिस्की निघू शकतात. कायद्यानुसार स्कॉच व्हिस्की स्कॉटलंडमध्येच, सातशे लिटरांपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात, किमान तीन वर्षे मुरावी लागते, आणि या मुरण्याच्या काळात लाकूड हे केवळ भांडे न राहता चवीचा घटक बनते. अमेरिकेत बर्बन व्हिस्कीसाठी आतून जाळलेले नवे ओक वापरण्याचे बंधन असल्यामुळे तेथील वापरलेली पिंपे मोठ्या संख्येने स्कॉटलंडला येतात. त्या अमेरिकन ओकमधून व्हॅनिलाचा आणि ओल्या खोबऱ्यासारखा गंध उतरतो. स्पेनच्या शेरी या मद्याने भिजवलेल्या पिंपातून मनुका, खजूर, सुके अंजीर आणि मसाल्यांची छटा येते. पिंप पहिल्यांदा वापरले जात आहे की तिसऱ्यांदा, ते दोनशे लिटरांचे आहे की पाचशे, गोदामात कोणत्या जागी ठेवले आहे, यांपैकी प्रत्येक गोष्टीचा परिणाम होतो, आणि लाकूड ही निसर्गाची निर्मिती असल्याने या सर्व गोष्टी समान ठेवल्या तरी काही फरक उरतोच.

मुरण्याच्या काळात व्हिस्कीचा काही भाग लाकडाच्या छिद्रांतून उडून जातो. त्याला स्कॉटलंडमधील लोक ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात आणि तेथील थंड हवेत तो वर्षाला साधारण दोन टक्के धरला जातो. म्हणजे अडीचशे लिटरांच्या पिंपातून बारा वर्षांनी सुमारे १९५ लिटर व्हिस्की उरते आणि तिच्या सातशे मिलिलिटरच्या २८० च्या आसपास बाटल्या भरतात. भारतातील उष्ण हवेत हा वाटा बराच मोठा असतो आणि लाकडाचा परिणामही लवकर होतो, त्यामुळे गोव्यात मुरलेली सिंगल माल्ट थोड्याच वर्षांत अशी गडद होते की तिची तुलना केवळ वयाच्या आकड्यावरून स्कॉचशी करणे योग्य ठरत नाही.

एकेका पिंपाचे हे वेगळेपण लोकांपर्यंत पोहोचवण्याच्या हेतूने १९८३ मध्ये एडिनबरोच्या लीथ या बंदरभागात ‘स्कॉच माल्ट व्हिस्की सोसायटी’ स्थापन झाली. तिच्या बाटल्यांवर डिस्टिलरीचे नाव छापण्याऐवजी दोन आकडे असतात: पहिला डिस्टिलरीचा, दुसरा त्या डिस्टिलरीच्या पिंपाचा. जाणकारांना पहिल्या आकड्यांचे अर्थ पाठ झालेले असले, तरी नावाआधी चव आणण्याचा हा प्रयत्न महत्त्वाचा होता.

नावाचा आणि रूपाचा चवीवर पडणारा प्रभाव ही केवळ शंका नाही. बोर्दो येथे वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ जणांना पांढरी वाइन गंधहीन लाल रंग मिसळून दिली असता त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. तर २००८ च्या एका प्रयोगात, तीच वाइन जास्त किमतीची म्हणून दिल्यावर लोकांना अधिक आवडली. व्हिस्कीतही गडद रंग पाहताच ती जुनी आणि शेरीच्या पिंपातली असावी असा ग्रह होतो.

म्हणून काटेकोर ब्लाइंड टेस्टिंगमध्ये नावाबरोबर रंगही झाकतात. पेले एकसारखे असतात, बहुधा ट्यूलिपच्या आकाराचे, तोंडाशी निमुळते होऊन गंध एकवटणारे; रंग लपवायचा असेल तर गडद काचेचे. प्रत्येकात सारखेच, दहा-पंधरा मिलिलिटर माप ओतले जाते आणि पेल्यांना नावाऐवजी कोणताही क्रम न सुचवणारे तीन अंकी आकडे दिले जातात. पीटच्या, म्हणजे दलदलीतून काढलेल्या जळाऊ मातीच्या, धुराने वाळवलेल्या बार्लीची व्हिस्की तीव्र असल्याने तिच्यानंतर घेतलेला नाजूक नमुना फिका वाटतो. यासाठी प्रत्येक परीक्षकाला पेल्यांचा क्रम वेगळा दिला जातो. पेले पुढे ठेवणाऱ्यालाही कोणत्या पेल्यात काय आहे हे ठाऊक नसेल, तर त्याच्या चेहऱ्यावरूनही काही कळत नाही. घोट गिळण्याऐवजी थुंकण्याची सोय असते, कारण मद्याचा अंमल चढला की पारख संपते.

सिंगल कास्कच्या तुलनेत आणखी एक अडचण असते ती मद्यार्काच्या तीव्रतेची. या व्हिस्की पुष्कळदा पाणी न घालता, पिंपात होती त्याच तीव्रतेने बाटलीत भरतात. त्यामुळे ४८ टक्क्यांचा आणि ६१ टक्क्यांचा नमुना शेजारी ठेवला, तर दुसऱ्याचा जोर हाच त्याचा गुण भासू शकतो. म्हणून प्रत्येक नमुना आधी तसाच आणि नंतर थोडे पाणी घालून तपासतात. व्यावसायिक मिश्रणकार तर केवळ गंधपरीक्षेसाठी तीव्रता साधारण वीस टक्क्यांपर्यंत खाली आणतात. पाण्याने नेमके काय होते, याचे एक स्पष्टीकरण स्वीडनमधील संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिरूपाच्या आधारे मांडले: धुराचा गंध देणारा ग्वायाकोल हा रेणू तीव्र मद्यार्कात आत विखुरलेला राहतो, तर पाणी घातल्यावर द्रवाच्या पृष्ठभागाशी गोळा होतो आणि नाकाला अधिक जाणवतो.

यानंतरची पायरी शब्दांची आहे. चर्चा सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपली नोंद लिहून काढावी लागते, कारण एकाने ‘सफरचंद’ म्हटले की इतरांनाही सफरचंदच जाणवू लागते. एडिनबरोच्या पेंटलंड्स या व्हिस्की-संशोधन संस्थेत १९७९ मध्ये व्हिस्कीच्या गंधांचे चक्र तयार झाले ते असे शब्द सर्वांनी एकाच अर्थाने वापरावेत म्हणून. मराठी आस्वादकाने मात्र परक्या बागेतली फुले आठवत बसण्याचे कारण नाही. ओकमधून उतरणारा युजेनॉल हा रेणू लवंगेतही असतो आणि किण्वनात तयार होणारा आयसोअमाइल अॅसिटेट पिकलेल्या केळ्यातही असतो. म्हणजे व्हिस्कीत लवंग किंवा केळे जाणवणे ही नुसती उपमा नसून त्याच रेणूची ओळख असू शकते.

आपली ओळख खरी की योगायोगाची, हे तपासण्यासाठी ‘त्रिकोणी चाचणी’ वापरतात: तीन पेल्यांपैकी दोन एकाच पिंपाचे असतात आणि वेगळा कोणता ते सांगायचे असते. निव्वळ अंदाजानेही तीनांत एकदा उत्तर बरोबर येते, परंतु सलग तीन वेळा तसे येण्याची शक्यता सत्तावीसांत एक इतकीच उरते. डिस्टिलरी ओळखणे तर त्याहून अवघड. धूर जाणवताच आयला बेटाचे नाव घेण्याचा मोह होतो. पण कॅम्पबेलटाउनची स्प्रिंगबँक डिस्टिलरी ‘लाँगरो’ नावाने धुरकट व्हिस्की काढते, आणि आयलावरच्याच बुनाहाव्हनची बहुतेक व्हिस्की धुराविना असते. अशा चुका परीक्षकाला कमीपणा आणत नाहीत. प्रदेशाविषयीची त्याची कोणती समजूत पुस्तकातून आली होती आणि कोणती जिभेने कमावलेली होती, ते त्या दाखवून देतात.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. एका घोटाच्या तुलनेत ठळक चवीची व्हिस्की सौम्य व्हिस्कीवर मात करते, जरी संध्याकाळभर सावकाश घेताना दुसरीच अधिक सोबत करणारी असली. आणि सात-आठ नमुन्यांनंतर नाक थकते. म्हणून नमुने थोडे ठेवणे आणि तेच नमुने वेगळ्या दिवशी, वेगळ्या क्रमाने पुन्हा पाहणे हितावह ठरते.

मात्र सिंगल कास्कच्या बाबतीत ‘पुन्हा’ या शब्दालाच सीमा आहे. त्या २८० बाटल्या संपल्या की तेच पिंप पुन्हा भरले, तरी तीच व्हिस्की निघणार नाही, कारण तिच्याबरोबर लाकडाचाही काही अंश खर्च झालेला असतो. डिस्टिलरीची कीर्ती टिकते, वयाचा आकडा दुसऱ्या बाटलीवर पुन्हा छापता येतो. त्या एका पिंपाची चव मात्र, कोणाच्याही नावाच्या प्रभावाखाली न येता लिहिलेल्या त्या चार ओळींच्या नोंदीतच मागे उरते. ती नोंद प्रामाणिक असावी, यासाठीच नाव झाकण्याचा हा सारा खटाटोप आहे.