शनिवारचा पाहुणा

मनमाड हे गाड्या बदलण्याचे गाव. एक गाडी भुसावळकडे, एक नगर-दौंडकडे, एक नांदेडकडे. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईला गेलेला माणूस रात्री घरी परततो. पण याच फलाटावरून नोकरीसाठी गेलेली मुले मात्र दिवाळीलाच उगवतात. रेल्वेत, वर्कशॉपात, धान्याच्या गोदामात उमेदीची वर्षे काढलेले आई-वडील मागे उरतात. कुणी घरात एकटे असतात, कुणाच्या वाट्याला वृद्धाश्रमातली खाट येते. जेवण वेळेवर मिळते, औषधही वेळेवर मिळते. पण कुणाच्या पावलांची वाट पाहावी, असे काही नसते.

अशा ठिकाणी एखादा शिकवलेला कुत्रा आठवड्यातून एकदा आला तर? ‘म्हाताऱ्यांना बघायला माणूस नाही आणि कुत्र्याचे कौतुक काय सांगता!’ असे कुणी म्हणेलही. पण ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

अमेरिकेत वाढलेले शल्यविशारद डॉ. अतुल गावंडे यांचे वडील मूळचे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. डॉ. गावंडे यांनी ‘बीइंग मॉर्टल’ या 2014 सालच्या पुस्तकात न्यूयॉर्क राज्यातल्या एका शुश्रूषागृहाची हकीकत सांगितली आहे. 1991 साली बिल टॉमस नावाचे तरुण डॉक्टर तिथे रुजू झाले. तिथल्या ऐंशीएक वृद्धांना औषधे भरपूर मिळत होती. पण कंटाळा, एकाकीपणा आणि हतबलता या तीन दुखण्यांवर औषध नव्हते. टॉमस यांनी दोन कुत्रे, चार मांजरे आणि चक्क शंभर पक्षी आणले. सुरुवातीला गोंधळ उडाला. मग जी माणसे बोलणेच विसरली आहेत असे वाटत होते ती बोलू लागली. जी खोलीबाहेर पडत नव्हती ती ‘मी कुत्र्याला फिरवून आणतो’ म्हणत पुढे आली. दोन वर्षांनी पाहिले, तर शेजारच्या तशाच एका संस्थेच्या मानाने इथे औषधांची गरज निम्म्यावर आली होती आणि मृत्यूही 15 टक्क्यांनी कमी होते. आपली कुणाला तरी गरज आहे, या जाणिवेचे बळ केवढे असते पाहा!

त्याआधी, 1962 साली न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी उपचारातला सोबती म्हणून कुत्र्यावर लेख लिहिला होता. कुणाशीच न बोलणारे मूल त्यांच्या कुत्र्याशी खेळता खेळता मोकळे झाले, हा त्यांचा अनुभव. आपल्या महाराष्ट्रातही मानसतज्ज्ञ मीनल कविश्वर यांच्या ‘अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन’ने मुंबई-पुणे भागात हे काम रुजवले आहे.

मग कुत्र्याला शिकवायचे तरी काय? पोलिसांच्या कुत्र्यासारखे हुंगणे नाही की सर्कशीतल्या कसरती नाहीत. इथला सर्वांत अवघड धडा म्हणजे काही न करणे. अंगावर उडी न मारणे, हात न चाटणे, सांगितले की खाटेशेजारी शांत बसून राहणे. म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी पातळ झालेली असते. नखाचा नुसता ओरखडा महागात पडतो. चाकाच्या खुर्चीबरोबर पट्टा न ताणता चालावे लागते. काठी आपटली, स्टीलचे ताट पडले, तरी दचकून धावायचे नाही. थरथरत्या हाताने कुणी कान ओढला, तर गुरगुरायचे नाही. ‘सोड’ म्हटले की तोंडातले सोडायचे आणि जमिनीवरच्या वस्तूला तोंड लावायचे नाही. वृद्धाश्रमात औषधाची गोळी जमिनीवर पडलेली असू शकते, म्हणून हा धडा जिवाशी निगडित आहे.

हे सारे माराने होत नाही. बिस्किटाचा तुकडा, शाबासकी आणि दिवसातून चार वेळा पाच-दहा मिनिटांचा सराव, असे महिनोन्महिने करावे लागते. जातिवंत कुत्राच हवा असेही नाही. स्वभाव शांत आणि माणसांची ओढ असलेला गावठी कुत्राही चालतो. मात्र वर्षाचा तरी झालेला हवा. रेबीजची लस आणि जंतांचे औषध यांत हयगय चालत नाही. ज्यांना भीती वाटते, ज्यांना अ‍ॅलर्जी आहे किंवा ज्यांना नुसतेच नको आहे, त्यांच्याजवळ त्याला न्यायचे नाही. स्वयंपाकघरात तर नाहीच.

सांभाळणाऱ्यालाही शिकावे लागते. कुत्रा सारखा जांभया देऊ लागला, ओठ चाटू लागला, मान फिरवू लागला, तर तो थकला आहे असे समजून निघावे. तासाभराच्या वर त्याला राबवू नये. मुके जनावर ‘पुरे’ म्हणत नाही. ते आपण ओळखायचे असते.

आपल्याकडे कुत्रा तसा परका नाही. इथून जवळच, मालेगावनजीक चंदनपुरीला खंडोबा आहे. त्या देवाबरोबर कुत्रा असतोच. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे असतात, आणि युधिष्ठिर तर कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला तयार नव्हता. तेव्हा मनमाडसारख्या गावात दोन-तीन घरांनी मनावर घेतले, जनावरांच्या डॉक्टरांना आणि एखाद्या जाणकार प्रशिक्षकाला विचारले, तर हे अशक्य नाही.

पण एक सावधगिरी हवी. हौसेने चार शनिवार जायचे आणि मग परीक्षा आल्या, पाहुणे आले म्हणून थांबायचे, असे करणार असाल तर मुळीच जाऊ नये. ज्या आजी सकाळपासून खिशात पोळीचा तुकडा जपून दाराकडे डोळे लावून बसल्या, त्यांना आणखी कुणीतरी सोडून गेले, असा त्याचा अर्थ होतो. कुत्र्याचा अवघड धडा ‘थांब’ असेल, तर माणसाचा अवघड धडा ‘ये’ हा आहे.

मनमाडकरांना वाट पाहणे नवे नाही. गाडी दोन तास उशिरा असली, तरी आपण चहा घेऊन बाकावर बसतो. कारण ती येणार हे ठाऊक असते. रद्द झाली म्हटल्यावर मात्र फलाट एकदम ओका वाटतो. म्हातारपणी माणूस मागतो ते एवढेच : थोडा उशीर चालेल, पण गाडी रद्द करू नका.