कर्नल हिगिन्सनची दीड वर्षं

अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. १८६२ च्या नोव्हेंबरात जनरल रूफस सॅक्स्टनचं पत्र दक्षिण कॅरोलायनाहून मॅसॅच्युसेट्सला पोचलं, तेव्हा टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन ५१ व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीत नुकताच कप्तान झाला होता. अंगावर लष्करी कपडे चढवून फार दिवस झाले नव्हते. मूळचा पाद्री आणि लेखक. गुलामगिरीविरुद्ध बोलतो म्हणून पहिलं चर्च गमावलेलं. गुलामीतून पळून आलेल्या अँथनी बर्न्सला सोडवण्यासाठी १८५४ मध्ये बॉस्टनच्या न्यायालयाचा दरवाजा ओंडक्याने फोडणाऱ्यांत हा पुढे होता. हनुवटीवरचा वार त्या रात्रीचा. गुलामांच्या उठावाची तयारी करणाऱ्या जॉन ब्राउनला गुपचूप पैसा पुरवणाऱ्या सहा जणांतलाही हा एक. अशा माणसाला सॅक्स्टनने विचारलं होतं, मुक्त झालेल्या गुलामांच्या पलटणीचा कर्नल होशील का?

ती पलटण म्हणजे पहिली दक्षिण कॅरोलायना स्वयंसेवक पलटण. हिगिन्सन पोर्ट रॉयल बेटावरच्या छावणीत आला तेव्हा त्याला सगळ्यात आधी सैनिकांचा अविश्वास भेटला, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. त्याच वर्षी जनरल हंटरने याच भागातल्या लोकांना जबरदस्तीने भरती करून एक पलटण उभी केली होती. पगार न देताच ती मोडली. एक कंपनी तेवढी शिल्लक राहिली. पुन्हा बोलावणं आलं तेव्हा लोकांनी आधी पगाराचं विचारावं, हे ओघानेच आलं. सॅक्स्टनच्या हातात युद्धखात्याचा लेखी हुकूम होता: पगार आणि शिधा इतर स्वयंसेवकांइतकाच. त्या कागदावर भरवसा ठेवून माणसं आली.

नव्या कर्नलचा एक निर्णय मला फार आवडतो. पलटणीला लालभडक विजारी दिलेल्या होत्या. सैनिकांना त्या डोळ्यांसमोर नकोशा झालेल्या; शत्रूला नेम धरायलाही सोय. हिगिन्सनने खटपट करून सगळ्या सैन्याला असते तशी निळी विजार मिळवून दिली.

लढाया म्हणाल तर नाव घेण्याजोग्या नाहीत. १८६३ च्या जानेवारीत बोटी घेऊन सेंट मेरीज नदीत शिरले. एका रात्री जंगलात घोडदळाशी गाठ पडली आणि माणसं हटली नाहीत. परतताना विटा, लाकूड, लोखंड बरोबर आणलं. पण या मोहिमेतली खरी गोष्ट वेगळीच आहे. वाटाड्या होता कॉर्पोरल रॉबर्ट सटन, त्याच नदीकाठी गुलामीत राबलेला. त्याच्या जुन्या मालकिणीच्या घरी गेल्यावर हिगिन्सनने मुद्दाम अदबीने बाईंना ओळख करून दिली: हे कॉर्पोरल रॉबर्ट सटन. बाई ताठ झाल्या, आणि आम्ही याला बॉब म्हणत असू, एवढंच बोलल्या. मग सटनने कर्नलला आवारातली कोठडी दाखवली, आतल्या साखळ्या आणि खोडे दाखवले.

मार्चमध्ये फ्लोरिडातलं जॅक्सनव्हिल घेतलं आणि महिनाअखेर वरून हुकूम आला म्हणून सोडलं. जुलैत साउथ एडिस्टो नदीतून रेल्वेचा पूल तोडायला गेले. पूल राहिला, एक बोट गेली, पण सुमारे दोनशे गुलाम बरोबर आले. तोफगोळा जवळून गेल्याने हिगिन्सनला कुशीत मार बसला. बाहेर जखम दिसत नव्हती, आतून मात्र माणूस खचला. त्यात हिवतापाची भर. १८६४ च्या मे महिन्यात तो कायमचा छावणीबाहेर पडला.

या दिवसांवर लिहिलेल्या त्याच्या १८७० च्या पुस्तकात छावणीतली गाणी आहेत, रात्रीच्या प्रार्थना आहेत. माणसांना वारंवार लहान मुलांची उपमा देणारा वडीलधारेपणाही आहे. तो आज खटकतो, खटकायलाच हवा. पण पगाराच्या प्रकरणात हाच लेखक वडीलधारा राहत नाही, हिशेब मागणारा होतो.

कारण १८६३ मध्ये सरकारने शब्द फिरवला. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर आणि कपडे वेगळे. काळ्या शिपायाला १० डॉलर, त्यातूनही ३ कपड्यांपोटी कापून. हाती ७. पलटणीतल्या अनेकांनी, आणि त्यात सगळ्यात चांगले शिपाई होते, ते पैसे घ्यायचंच नाकारलं. घरी बायकापोरं उपाशी, तरी नाकारलं. शेजारच्या तिसऱ्या दक्षिण कॅरोलायना पलटणीत सार्जंट विल्यम वॉकरच्या पुढाकाराने सैनिकांनी बंदुका खाली ठेवल्या. १८६४ च्या फेब्रुवारीत त्याला गोळ्या घातल्या. जूनमध्ये समान पगाराचा कायदा झाला, पण भरतीपासूनची थकबाकी फक्त युद्धापूर्वी स्वतंत्र असलेल्यांना. म्हणजे सगळ्यांत आधी भरती झालेले हिगिन्सनचे सैनिकच वगळले! हिगिन्सन वर्तमानपत्रांना पत्रांवर पत्रं लिहीत राहिला. मागणी दयेची नव्हती, लेखी कराराची होती. ३ मार्च १८६५ ला काँग्रेसने ती मानली.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांच्या पहिल्या पंगतीत हिगिन्सन बसेल. पण त्याच देशाच्या सरकारने ३ डॉलर कापले होते, हेही तितकंच खरं.

हिगिन्सनच्या पलटणीत सूझी किंग होती. गुलामीत जन्मलेली, आली तेव्हा १४ वर्षांची. कागदोपत्री धोबीण. ती सैनिकांना लिहायला-वाचायला शिकवी, जखमींची शुश्रूषा करी, बंदुका साफ करी. १९०२ मध्ये सूझी किंग टेलर या नावाने तिने छावणीच्या आठवणी छापल्या. म्हाताऱ्या हिगिन्सनने त्याला प्रस्तावनेचं पत्र दिलं. चार वर्षांहून जास्त सेवा केली, तिने हिशेब मांडलाय, आणि एक डॉलरही मिळाला नाही.