चारशे फुटांच्या आत... तरीही!

गेल्या लगीनसराईतली गोष्ट. जळगावला अजिंठा रोडवरच्या एका लॉनवर माझ्या पुतणीचं लग्न होतं. नवरदेव घोड्यावर, पुढे बॅन्ड आणि डोक्यावर घूं घूं करणारा ड्रोन! हल्ली वर ड्रोन फिरला नाही तर लग्न लागल्यासारखंच वाटत नाही लोकांना. आम्ही बायकाही पदर सावरत, माना वर करून, हसऱ्या चेहऱ्याने चाललो होतो. तेवढ्यात माझ्या भाचीने माझा हात ओढला. म्हणाली, ‘‘मावशी, तो ड्रोन आधी खाली घ्यायला सांग. विमानतळ इथून किती जवळ आहे, माहितीये ना?’’

भाची खान्देशातच विमान चालवायला शिकते. हो, मैत्रिणींनो, त्यासाठी आता परदेशी जावं लागत नाही. धुळ्याजवळ गोंदूरची धावपट्टी आहे, शिरपूरजवळ तांड्याची आहे, आणि जळगावच्या विमानतळावरूनही शिकाऊ विमानं उडतात. एवढ्याशा पट्ट्यात तीन ठिकाणी मुलंमुली आभाळात धडे गिरवतात. आपण अंगणात पापड वाळत घालताना वरून जो आवाज जातो ना, तो बऱ्याचदा एखाद्या वीस वर्षांच्या पोरीचा असतो.

शूटिंगवाला भाऊ भला माणूस होता. म्हणाला, ‘‘ताई, चारशे फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. माझा तर दीडशेच्या वर जातच नाही.’’

भाची म्हणाली, ‘‘दादा, ते चारशे फूट इथले नाहीत.’’

बोलाचाली झाली. ड्रोन उतरला. वरातीचं वरून शूटिंग राहिलं ते राहिलंच. विमान तर त्या तासाभरात एकही आलं नाही, त्यामुळे विहीणबाईंचा राग आणखीच वाढला. ‘‘मुलीकडच्यांनाच हौस नाही,’’ हे वाक्य मी आजवर चार वेळा ऐकलंय!

रात्री मेंदीचे हात वाळवत बसलो, तेव्हा मी भाचीला म्हटलं, ‘‘आता नीट समजावून सांग बाई. मला बोलणी बसलीत.’’

तिने सांगितलं ते असं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये आपल्याकडे नवे ड्रोन नियम आले. त्यांत आभाळाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे भाग केलेत. हिरव्या भागात चारशे फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, वेगळी परवानगी लागत नाही. शूटिंगवाल्याला तेवढंच पाठ होतं. पण चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मोकळीक फक्त दोनशे फुटांपर्यंत आहे. आणि ८ किलोमीटरच्या आत असाल तर आधी हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी घ्यायची, मग ड्रोन कितीही खाली उडवा. कुसुंबा, एमआयडीसी, अजिंठा चौफुली हा सगळा पट्टा त्या आठात येतो. आणि लॉन नेमकी तिथेच!

ड्रोन अगदी छोटा, २५० ग्रॅमच्या आतला असला तर उडवणाऱ्याला प्रमाणपत्र लागत नाही. पण हद्दीतून सूट त्यालाही नाही. लाल भागात तर केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवायचंच नाही. कुठला भाग कोणत्या रंगात आहे, ते ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर मोबाईलमध्ये दिसतं. नोंदणी विचारा, नकाशा विचारा. फोटोग्राफर ठरवताना अल्बमच्या पानांची चौकशी करतोच की आपण!

मी म्हटलं, ‘‘पण विमानवाल्याला दिसत नाही का ड्रोन?’’

ती हसली. शिकाऊ विमानही सेकंदाला पन्नासेक मीटर कापतं. म्हणजे अर्धा किलोमीटर दहा सेकंदांत. तेवढ्या लांबून परातीएवढी वस्तू दिसणार कशी? त्यात उतरताना शिकणाऱ्याचा जीव मुठीत. वेग बघायचा, उंची बघायची, रेडिओ ऐकायचा, शेजारच्या सरांची बोलणीही खायची! एरवी मोकळ्या रानावर विमानं साधारण पाचशे फुटांच्या खाली येत नाहीत, म्हणून ड्रोनला चारशे. मध्ये शंभर फुटांची फट. पण चढता-उतरताना विमान त्याच चारशे फुटांतून जातं, आणि तिथे ही फट उरत नाही.

कॅनडात नेमकं हेच झालं. १० ऑगस्ट २०२१. टोरोंटोजवळच्या बटनव्हिल विमानतळावर एक सेस्ना उतरत होतं. आत विद्यार्थी आणि शिक्षक. धाडकन काहीतरी आदळलं. त्यांना वाटलं, पक्षी असेल. उतरून बघतात तर पुढचा भाग चेपलेला. तो ड्रोन पोलिसांचा होता, साधारण चारशे फुटांवर स्थिर उभा. उडवणारा प्रशिक्षित होता, पण आभाळाकडे लक्ष ठेवायला नेमलेल्या पोलिसाला त्या कामाचं धड शिक्षणच नव्हतं. नशीब, कुणाला इजा झाली नाही.

ही गोष्ट मी माझ्या धाकट्या जाऊबाईंना सांगितली, कारण त्यांचं पोट आता ड्रोनवर आहे. त्या चोपडा तालुक्यात असतात. केंद्राने २०२३ मध्ये ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली. देशभरातल्या १५ हजार बचत गटांना ड्रोन द्यायचे, किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाखांपर्यंत मदत, आणि १५ दिवसांचं प्रशिक्षण. जाऊबाईंचा गट त्यात बसला. केळीवर करपा आला की यांना बोलावणी सुरू. पाठीवर पंप घेऊन औषधाच्या वासाने डोकं धरून बसणारी बाई आता बांधावर उभी राहून फवारते.

मला वाटलं, त्या म्हणतील, ‘‘आमचा ड्रोन केळीच्या डोक्यावरून जातो, आम्हाला काय!’’ पण त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘‘व माय! वर्डीचं विमान विसरले का तुम्ही?’’

कशी विसरेन? १६ जुलै २०२१ ला शिरपूरच्या विमान प्रशिक्षण संस्थेचं विमान चोपडा तालुक्यात वर्डीच्या शिवारात, सातपुड्यात कोसळलं. शिक्षक पायलट गेले, शिकाऊ मुलगी गंभीर जखमी झाली. ड्रोनचा त्या अपघाताशी काही संबंध नव्हता, हे आधी स्पष्ट सांगते. पण तिथल्या एका आदिवासी बाईने आपली साडी दिली, त्याची झोळी केली आणि माणसांनी त्या मुलीला उचलून नेलं. जाऊबाईंचं गाव तिथून फार लांब नाही. ‘‘तेव्हापासून वर आवाज आला की मी पोरीचाच समजते,’’ त्या म्हणाल्या.

नियमही तेच सांगतो. माणसं असलेल्या विमानाचा हक्क पहिला, ड्रोनने बाजूला व्हायचं. पण खरी अडचण वेगळीच आहे, ती मला त्यांच्या शेतावर गेले तेव्हा कळली. फवारणीचा ड्रोन स्वतःच इतका आवाज करतो की विमानाचा ऐकूच येत नाही! आणि उडवणारीची नजर ड्रोनवर खिळलेली. म्हणजे वर बघायला दुसरं माणूस हवंच. आधी गटातली दुसरी बाई टाकी भरायची, बॅटऱ्या बदलायची आणि मधेच शेतमालकाशी हिशेबही करायची. कॅनडाचं ऐकल्यावर जाऊबाईंनी तिसरी उभी केली. मजुरी वाढली, शेतकरी कुरकुरले. ‘‘आभाळाकडे बघायचे पैसे?’’ एकाने विचारलं. जाऊबाईंनी ते आपल्या वाट्यातून दिले. हे किती दिवस परवडेल, त्यांनाही माहीत नाही. योजनेत ड्रोन आला, बॅटऱ्या आल्या, पण या बाईच्या हजेरीचा विचार कुणी केलाय का? मला तरी तो करायलाच हवा वाटतो.

भाचीने नकाशा बघायला शिकवला. गटाच्या वहीत आता एक नवा रकाना आहे, ‘वर कोण’. परवा मी सहज चाळली. वाकड्या अक्षरात लिहिलं होतं: ‘सकाळी ८.१०. विमान. खाली उतरवला. पाच मिनिटं थांबलो.’

ती वही एकदा विहीणबाईंना दाखवायची आहे.