विश्लेषण : लम्पीवर लस लगेच मिळाली, मग डुकरांच्या आफ्रिकन तापावर का नाही?

अकोला, अमरावती आणि बुलडाण्यातील पशुपालक २०२२ चा पावसाळा विसरलेले नाहीत. गाई-बैलांच्या अंगावर गाठी आल्या, गुरांचे बाजार बंद झाले, गावोगावी लसीकरणाची धावपळ सुरू झाली. त्या साथीत निदान लस तरी हाताशी होती.

वराहपालन करणाऱ्यांच्या नशिबी तेवढेही नाही. राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० माद्या व १० नरांच्या प्रकल्पाला ५० टक्के, कमाल ३० लाख रुपये अनुदान मिळते. कापूस-सोयाबीनला जोडधंदा शोधणाऱ्या वऱ्हाडातील तरुणाला हा आकडा खुणावतो. पण कर्ज काढण्याआधी दोन तापांमधला फरक समजून घ्यायला हवा. एकावर स्वस्त लस आहे, दुसऱ्यावर देशात एकही मान्यताप्राप्त लस नाही.

लम्पीची लस इतक्या लवकर कशी मिळाली?

ती लम्पीची लस नव्हतीच. महाराष्ट्रात गुरांना टोचली गेली ती शेळ्यांच्या देवीची, म्हणजे गोट पॉक्सची लस. मेंढ्यांची देवी, शेळ्यांची देवी आणि लम्पी या तिन्ही आजारांचे विषाणू एकाच कुटुंबातले. एकाची ओळख पटली की शरीर दुसऱ्यालाही बऱ्यापैकी रोखते.

त्याच काळात हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या (आयव्हीआरआय) मदतीने खास लम्पीवरील ‘लम्पी-प्रोव्हॅकइंड’ ही लस तयार केली. ऑगस्ट २०२२ मध्ये ती जाहीर झाली. त्यासाठी २०१९ मध्ये रांचीतील आजारी जनावरातून मिळवलेला विषाणू प्रयोगशाळेतील पेशींमध्ये पुन्हा पुन्हा वाढवून कमजोर करण्यात आला. म्हणजे ‘लगेच’ मिळालेल्या लसीमागेही जवळपास तीन वर्षांचे काम होते.

डुकरांचे दोन ताप कोणते?

पहिला क्लासिकल स्वाईन फीवर, दुसरा आफ्रिकन स्वाईन फीवर. नावे सारखी, लक्षणेही जवळपास सारखी. तीव्र ताप, खाणे बंद, कान आणि पोटावर लाल-जांभळे डाग, मग पटापट मृत्यू. विषाणू मात्र पूर्णपणे वेगळे. त्यामुळे एकाची लस दुसऱ्यावर चालत नाही. नुसते डोळ्यांनी पाहून निदानही होत नाही, नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो.

हे दोन्ही आजार माणसाला होत नाहीत. स्वाईन फ्लू हा वेगळाच आजार, त्याच्याशी यांचा संबंध नाही.

क्लासिकल तापाची लस स्वस्त कशी झाली?

देशात १९६४ पासून वापरात असलेली जुनी लस सशांच्या शरीरात तयार होत असे. सशाला विषाणू टोचायचा आणि नंतर त्याच्या प्लीहेपासून लस बनवायची. एका सशापासून जेमतेम ५० मात्रा मिळत. देशाची वर्षाची गरज २ कोटी २० लाख मात्रांची. हिशेब केला तर त्यासाठी ४ लाख ४० हजार ससे मारावे लागले असते. प्रत्यक्षात वर्षाला सुमारे १२ लाख मात्राच तयार होत होत्या.

आयव्हीआरआयने देशातलाच विषाणू घेऊन तो पेशींमध्ये वाढवण्याची पद्धत विकसित केली. फेब्रुवारी २०२० मध्ये ही लस जाहीर झाली. तळहाताएवढ्या एका फ्लास्कमधून लाखो मात्रा निघतात. जुनी लस १५ ते २० रुपये आणि कोरियाहून येणारी ३० रुपये मात्रा असताना नव्या लसीचा खर्च दोन रुपयांहून कमी असल्याचे सांगण्यात आले. जुन्या लसीचे संरक्षण तीन ते सहा महिने टिके, नवीचे दोन वर्षे.

मग आफ्रिकन तापावर अडले कुठे?

पहिली अडचण, या विषाणूला जवळचा नातेवाईकच नाही. आपल्या कुटुंबातला तो एकटाच ज्ञात विषाणू आहे. त्यामुळे लम्पीसारखी शेजारच्या आजाराची लस उसनी घेता येत नाही.

दुसरी अडचण आकाराची. करोना विषाणूचा जनुकीय मजकूर सुमारे ३० हजार अक्षरांचा, याचा १ लाख ७० हजारांहून अधिक. तो दीडशेहून जास्त प्रथिने बनवतो. त्यातले नेमके कोणते प्रथिन दाखवले तर डुकराचे शरीर सावध होईल, याचे समाधानकारक उत्तर अजून मिळालेले नाही.

तिसरी अडचण, हा विषाणू रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्येच शिरून वाढतो. चोराने पोलीस चौकीतच मुक्काम करावा, तसा प्रकार.

व्हिएतनामने तर लस आणली ना?

आणली, पण तिथला अनुभव सावध करणारा आहे. अमेरिकेच्या कृषी विभागातील शास्त्रज्ञांनी विषाणूतील एक जनुक काढून त्याला कमजोर केले. त्यावर आधारित लसीला व्हिएतनामने २०२२ मध्ये मान्यता दिली. काही आठवड्यांतच लस दिलेली डुकरे दगावू लागली आणि वापर थांबवावा लागला. नंतर चाचण्यांची व्याप्ती वाढवून जुलै २०२३ मध्ये दोन लसींना देशभर परवानगी मिळाली, तीही मांसासाठी पाळलेल्या पिल्लांपुरती.

जिवंत, कमजोर केलेला विषाणू पुन्हा बळावला किंवा बाहेरच्या विषाणूत मिसळला तर काय, ही शास्त्रज्ञांची मुख्य भीती आहे. त्यामुळे चोरट्या मार्गाने कोणी ‘परदेशी लस’ देऊ केली तर ती संरक्षण ठरण्याऐवजी साथीचे कारण ठरू शकते.

वऱ्हाडाला धोका कितपत?

भारतात हा ताप २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आढळला. २०२२ मध्ये तो शेजारच्या मध्य प्रदेशात रीवा येथे पोहोचला. विषाणू डुकरासोबतच मांस, गाडीची चाके, बूट आणि कपड्यांवरूनही प्रवास करतो. गोठवलेल्या मांसात तो दीर्घकाळ टिकतो.

आपल्याकडे दोन गोष्टी विशेष काळजीच्या. हॉटेल आणि मंगल कार्यालयांतील उष्टे अन्न डुकरांना घालण्याची पद्धत आणि हरभरा-तुरीत शिरणारी रानडुकरे. रानडुकरांनाही हा आजार होतो, आणि जंगलात विषाणू शिरला की त्याला बाहेर काढणे फार कठीण.

पालकांनी काय करावे?

• क्लासिकल तापाची लस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळेवर द्यावी. ती दोन ते आठ अंश तापमानातच टिकते. अकोल्यात पारा ४५ च्या आसपास असताना बर्फाच्या डब्याविना आणलेली लस म्हणजे नुसते पाणी.

• लस दिलेल्या कळपातही डुकरे पटापट मरू लागली तर आफ्रिकन तापाचा संशय घ्यावा. लसीची नोंद म्हणूनच जपून ठेवावी.

• उष्टे अन्न शक्यतो देऊ नये. द्यायचेच तर ९० अंशांवर किमान एक तास उकळून, ढवळून द्यावे.

• गोठ्याला दुहेरी कुंपण, वेगळे बूट, दाराशी जंतुनाशकाचे पाणी हवे. नवी जनावरे काही आठवडे वेगळी ठेवावीत.

• मृत डुक्कर नाल्यात टाकू नये, मांसही विकू नये. १९६२ या क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार ही माहिती देणे पालकावर बंधनकारक आहे.

माहिती दडवण्याचा मोह का होतो?

कारण आफ्रिकन ताप सिद्ध झाला की एक किलोमीटरच्या परिसरातील सगळी डुकरे मारावी लागतात, निरोगी दिसणारीही. भरपाईची तरतूद आहे, पण ती सरकारने मारलेल्या जनावरांसाठी. आधीच दगावलेल्यांचा हिशेब त्यात धरला जात नाही. म्हणजे जितका उशीर, तितका तोटा पालकाचाच. लस येईपर्यंत लवकर दिलेली खबर आणि घट्ट कुंपण, एवढेच दोन उपाय त्याच्या हातात आहेत.